चित्रपुस्तकातून काय उचलायचं: काय काढलंय ते, की कसं काढलंय ते?

रानजाई

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. गेली सहा वर्षं दर शनिवारी संध्याकाळी आमच्या पडवीत वाडीतली आठ-दहा मुलं जमतात. साडेतीन ते सात वर्षांची. आधी एक चित्रपुस्तक वाचायचं, मग हातांनी काहीतरी करायचं. सगळं मिळून तासभर. फी नाही. मुलं आत आणि आया ओट्यावर गप्पा मारत बसलेल्या.

पहिली दोन वर्षं मी जे करत होते ते आज मला पटत नाही, म्हणून हा धागा. हत्तीची गोष्ट वाचली की हत्तीच्या बाह्याकाराच्या झेरॉक्स वाटायचे. मुलं आत रंग भरायची, डोळ्याच्या जागी टिकली चिकटवायची. दोरीवर दहा हत्ती ओळीनं टांगले की आयांना बरं वाटायचं, मलाही. एका शनिवारी पाच वर्षांचा एक मुलगा कागद हातात घेऊन नुसता बसून राहिला. गोष्ट चालू असताना हाच सगळ्यात पुढे सरकून बसला होता. पावसाच्या रेघा मधेच तुटक का आहेत, हे त्यानंच विचारलं होतं. "रंगव की रे," म्हटलं, तर म्हणाला, "यात हत्ती आहेच ना. मग मी काय करू?"

त्या रात्री ते पुस्तक घेऊन पुन्हा बसले. पावसाच्या रेघा तुटक होत्या, कारण चित्रकाराने जवळजवळ कोरडा ब्रश खरखरीत कागदावर ओढला होता. मुलानं विचारलेला प्रश्न चित्र कसं झालं याबद्दलचा होता, आणि मी त्याच्या हातात हत्ती ठेवला होता. पुढच्या शनिवारी हत्ती काढलाच नाही. जाड कागद, एकच रंग आणि झिजलेले ब्रश दिले. पाऊस पाडायचा, बस. कुणी भुरभुर पाडला, कुणी मुसळधार, एकीनं कागदाच्या फक्त अर्ध्या भागात पाडला आणि उरलेल्या अर्ध्याला म्हणाली, "इथे छत्री आहे, म्हणून पाऊस नाही." छत्री काढलेली नव्हती. पाऊस जिथे थांबला तिथे ती दिसत होती.

तेव्हापासून पुस्तक निवडताना मी एकच गोष्ट बघते: हे चित्र कशानं आणि कसं केलंय? फाडून, कापून, ठसे मारून, बोटानं, रेघेनं? तेवढंच मुलांसमोर ठेवायचं. पुस्तकातला प्राणी करायला सांगायचा नाही.

दोन उदाहरणं सांगते. चित्रकार लिओ लिओनी 1959 साली आपल्या दोन नातवंडांना घेऊन आगगाडीनं चालले होते. मुलं कंटाळली, दंगा करू लागली. जवळ मासिक होतं. त्याच्या पानाचे रंगीत तुकडे फाडून त्यांनी गुडघ्यावरच्या बॅगेवर ठेवले आणि निळा तुकडा, पिवळा तुकडा अशी गोष्ट सांगायला लागले. त्यातूनच त्यांचं पहिलं चित्रपुस्तक झालं. त्यात ना डोळे आहेत, ना हातपाय, नुसते फाटके ठिपके. तरी कोण आई, कोण मित्र, कोण घाबरलंय हे तीन वर्षांच्या मुलालाही कळतं, कारण पानावर कोण कुठे आहे यावरच सगळं अवलंबून. आमच्याकडे ही गोष्ट वाचून झाल्यावर मी जुनी मासिकं आणि मैद्याची खळ मधे ठेवली. कात्री दिली नाही. एका मुलीनं पानभर मोठे तुकडे दाटीवाटीनं चिकटवले आणि एक चिमुकला तुकडा पार खालच्या कोपऱ्यात. मी विचारलं नाही, तिनंच सांगितलं, "ही रुसलीये." रुसण्याचं यापेक्षा चांगलं चित्र मी पाहिलेलं नाही.

दुसरं उदाहरण भुकेल्या सुरवंटाच्या पुस्तकाचं, म्हणजे एरिक कार्ल यांचं. ते 1969 मधलं. कागदाच्या गठ्ठ्याला पंच मशीननं भोकं पाडताना त्यांना पुस्तक पोखरणारी अळी सुचली, तिचा पुढे सुरवंट झाला. आपल्याकडे या पुस्तकावरचा ठरलेला उपक्रम म्हणजे अंड्यांच्या ट्रेचा हिरवा सुरवंट. मी मुलांना पंच मशीन दिली. चार वर्षांच्या मुलांना ती दोन हातांनी, सगळं वजन टाकून दाबावी लागते, आणि त्या कट्ट आवाजात त्यांना इतका आनंद होतो! भोकं पाडून झाली की प्रत्येकानं आपला कागद दिव्यासमोर धरून यातून कोण गेलं ते सांगायचं. मुंगी, रेल्वे, एकाच्या कागदातून आजोबांचा खोकला गेला.

कार्ल आधी पातळ कागद रंगवून ठेवत आणि मग त्यातून कापून चित्रं जुळवत. तेही आम्ही दोन शनिवारांत करतो. पहिल्या शनिवारी नुसती वर्तमानपत्रं रंगवायची: ब्रशनं, जुन्या फणीनं, नारळाच्या शेंडीनं. गोष्ट नाहीच. आठवडाभर ते कागद दोरीवर वाळतात. दुसऱ्या शनिवारी गोष्ट वाचायची आणि ते कागद काढायचे. रंगवताना हे कशासाठी ते ठाऊक नसल्यामुळे मुलं मोकळेपणी रंगवतात, आणि नंतर "हा माझा फणीचा कागद, याचं पाणी करतो" असं स्वतःच ठरवतात.

वाचण्याबद्दल एकच सांगते. पहिल्यांदा गोष्ट सलग वाचते, अध्येमध्ये प्रश्न नाहीत. दुसऱ्यांदा नुसती पानं उलटायची, शब्द नाहीत, तेव्हा मुलंच बोलतात. मग सगळ्यांनी उठून पाणी प्यायचं, अंगणात एक चक्कर. गोष्ट संपली की लगेच रंग उघडले तर मुलांचं पुढच्या वेळी गोष्टीकडे लक्षच नसतं, रंगांच्या डब्याकडे असतं. हे मला अनुभवानं कळलं.

तुम्ही घरी, शाळेत, वाचनालयात काय करता? काय फसलं तेही लिहा.

शिंपला

किती छान लिहिलं आहेस. "आहेच ना, मग मी काय करू" हे डोक्यातून जात नाहीये.

माझा प्रश्न साधा आहे. मुलगी चार वर्षांची, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, मी साडेसातला घरी पोचते. हातात वीस मिनिटं असतात. आणि तिला रोज तेच पुस्तक हवं असतं, गेला दीड महिना तेच. नवीन गोष्ट नाही तर नवीन काय करायचं?

तेलखडू

शिंपला, तेच पुस्तक मागतेय ही उत्तम गोष्ट आहे. पुढे काय होणार ते माहीत झालं की मुलाची नजर चित्रात फिरायला मोकळी होते. दहाव्या वाचनात ती कोपऱ्यातली मांजर दाखवेल, जी तुम्हाला आजवर दिसली नसेल.

मी एकोणीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवतो, त्यातली बरीच बालवाडी आणि पहिली-दुसरी. रानजाईंचं म्हणणं मला पूर्ण पटतं. त्यात थोडी भर घालतो.

कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 च्या पुस्तकात मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले. साधारण दोन ते चार ही रेघोट्यांची वर्षं. चार ते सात या वयात आकार येऊ लागतात, पण आपल्या डोळ्यांना दिसतात तसे नाहीत. डोक्यालाच पाय फुटलेली माणसं तुम्ही सगळ्यांनी पाहिली असतील. पुढे पोट असलेली माणसं काढतात तेव्हा पोटातला लाडूही दिसतो. आकाश ही कागदाच्या वरच्या कडेला एक निळी पट्टी असते आणि मधे मोकळी हवा. यातलं काहीही चूक नाही, आणि सुधारायला गेलो तर मूल चित्र काढायचं थांबतं. झेरॉक्सचा हत्ती या सगळ्या टप्प्यांवरून उडी मारायला लावतो. तो मोठ्या माणसाच्या हातचा हत्ती असतो. त्याच्याकडे बघून मूल एकच शिकतं: असा हत्ती मला येत नाही.

साहित्याचं सांगायचं तर लाल, पिवळा, निळा आणि पांढरा एवढेच पोस्टर कलर द्या, बारा रंगांची पेटी नको. हिरवा त्यांना स्वतःला सापडू दे. ब्रश जाड, मुठीत धरता येईल असा. कागद मोठा. लहान मूल खांद्यापासून चित्र काढतं, बोटांपासून नाही, म्हणून वहीच्या पानावर त्याची कोंडी होते. भिंतीला जुनं कॅलेंडर उलटं लावून उभ्यानं काढू द्या. कॅलेंडरचा कागद चांगला जाड असतो.

आणि "हे काय आहे?" असं विचारू नका. तीन वर्षांच्या मुलाला रेघोट्या मारताना काहीच काढायचं नसतं, आपण विचारलं म्हणून ते काहीतरी नाव देतं. "मला याबद्दल सांग" म्हणा आणि जे सांगेल ते कागदाच्या मागे, त्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहा. पुढे चित्रावर नको. चित्रावरची जागा त्याची आहे.

अंगणवाडीतून

मी जव्हारकडच्या एका पाड्यावर अंगणवाडी चालवते. पटावर अठ्ठावीस मुलं, खोली एक, गोष्टीची पुस्तकं मोजून अकरा. खूप लोक असे उपक्रम लिहितात आणि मग यादी येते: कार्डशीट, गम, घोटीव कागद, चमकी. इथे तशी यादी नाही हे बघून लिहायला बसले.

मी पुस्तक छातीशी उंच धरून उभ्यानं वाचते, अर्धवर्तुळात, नाहीतर मागच्यांना दिसत नाही. मग बाहेर जातो. जमीन सारवलेली असते. काठीनं काढतात, कोळशानं काढतात, पानं-बिया मांडतात. चिंचोके, करंजाच्या बिया, सागाची फुलं. पाऊस आला की सगळं पुसतं आणि मुलांना त्याचं काही वाटत नाही. जमिनीवर काढलेलं घरी न्यायचं नसतं, त्यामुळे कुणाचं चांगलं, कुणाचं वाईट हेही होत नाही.

आमच्याकडे हे जुनं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1957 मध्ये बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर आल्या. शंख-शिंपले, बिया, पानं, माती अशा आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूंवरच त्यांनी बालवाडी उभी केली. प्रशिक्षणात हे ऐकलं तेव्हा वाटलं, आपल्याकडे काही नाही असं आपण उगाच म्हणतो.

पण ताई, एका ठिकाणी माझं मत वेगळं आहे. नक्कल वाईट, हे मला पटत नाही. आमच्याकडे लग्नात सवासिनी भिंतीवर चौक काढतात. आधी भिंतीला गेरू, मग तांदळाच्या पिठाचं पाणी, आणि बांबूची काडी चावून केलेला कुंचला. मुली शेजारी बसून बघतात, मग कडेकडेनं काढायला लागतात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस होतो, हे कुणी समजावून सांगत नाही. बघून बघूनच येतं. "तुझ्या मनातलं काढ" असं त्या मुलीला कुणी म्हणत नाही, आणि तरी तिचं नाचणारं माणूस आजीच्या माणसासारखं नसतं. माझ्या वर्गातल्या मुलाला कोरा कागद देऊन "हवं ते काढ" म्हटलं तर तो घाबरून माझ्याकडे बघतो. त्याला आधी कुणाचा तरी हात चालताना बघायचा असतो.

रानजाई

अंगणवाडीतून, तुमचा प्रतिसाद दोन दिवस मनात घोळतोय. तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि मी ते नीट मांडलं नव्हतं. आजीचा हात चालताना दिसतो. कुठून सुरुवात केली, काडी कधी बुडवली, कुठे थांबली, हे सगळं मुलीला दिसतं. झेरॉक्समध्ये हात कुठेच नसतो. मुलासमोर फक्त संपलेली गोष्ट येते.

तुमचं वाचून काल एक केलं. पुस्तकात चित्रकारानं बोटाच्या ठशांतून पक्षी केले होते. मी मुलांशेजारी बसून माझ्या कागदावर ठसे मारायला लागले. काही बोलले नाही. दोन लाजरी मुलं, जी एरवी शेवटपर्यंत हात लावत नाहीत, पाच मिनिटांत सुरू झाली. त्यांनी माझ्यासारखे पक्षी केले नाहीत. एकानं ठशांची रांगच रांग केली आणि म्हणाला, गणपतीची मिरवणूक.

पाटीपुस्तक

माझी अडचण याच्या उलटी आहे. मुलगा साडेपाच वर्षांचा. त्याला पुस्तकातल्यासारखाच वाघ हवा असतो. तसा आला नाही की कागद चुरगाळतो, रडतो, "तू काढून दे" म्हणतो. आधी नव्हतं असं. शाळेत चित्रांना तारे देतात, तेव्हापासून वाढलंय असं मला वाटतं. मी काढून दिला तर शांत होतो, पण मग स्वतः काढतच नाही. काय करू?

तेलखडू

पाटीपुस्तक, त्याच्या कागदावर तुम्ही काढू नका, एक रेघसुद्धा नको. पण त्याला एकटंही सोडू नका. शेजारी बसून तोंडानं वाघ उभा करा. वाघाचं अंग लांब की गोल? पट्टे पोटापर्यंत येतात की पाठीवरच? शेपूट वर की खाली? आमच्या मागच्या गल्लीत वाघ नाही, मांजर आहे, म्हणून मी मुलांना मांजर बघायला पाठवतो. बघून आलेलं मूल कागदाकडे वेगळ्या नजरेनं बसतं.

दुसरं, काही दिवस त्याला अशी कामं द्या ज्यात 'बरोबर' असं काही नसतं. मेणखडूनं कागद गच्च गिरवून त्यावर पातळ रंग फिरवणं. मेण पाणी घेत नाही, रंग त्यावरून घरंगळतो आणि मोकळ्या जागेत बसतो. भेंडी आडवी कापून ठसे मारणं. कुणाच्याही हातानं भेंडीचा ठसा सारखाच सुंदर येतो. हातात विश्वास परत आला की वाघ येईल. शिक्षकांनाही भेटा. तारे देऊ नका एवढंच सांगा, तक्रार म्हणून नको.

कुडाळी_माणूस

वाचून राहवलं नाही. आमच्या कुडाळजवळ पिंगुळी आहे. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी तुम्ही ऐकली असेल. एकेका कथेची चित्रं असतात, त्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. रामायण-महाभारतातल्या कथा. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. सांगणारा एक चित्र पुढे धरतो, वीणा, टाळ, हुडुक वाजतात, आणि तो गात-बोलत त्या चित्रातली गोष्ट सांगतो. मग पुढचं चित्र. लहानपणी नवरात्रात देवळात बसून मी ही बघितली आहे. कंदिलाच्या उजेडात ते मोठे डोळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटायचं. 2021 मध्ये तिथले चित्रकथी कलावंत परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे केवढा आनंद झाला होता.

चित्रपुस्तक ही बाहेरून आलेली गोष्ट आहे असं आपण समजतो, म्हणून हे मुद्दाम लिहितो. चित्र दाखवत गोष्ट सांगणं आपल्या मातीत आहे. एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. चित्रकथीत चित्राखाली मजकूर नसतो. चित्र स्थिर, गोष्ट सांगणाऱ्याच्या तोंडात.

मी नातवंडांबरोबर हेच करतो. पुस्तक वाचून झालं की त्यांनी सहा चित्रं काढायची, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर. दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवायची. झाली आमची पोथी. मग धाकटी ताट वाजवते आणि मोठा सांगतो. गंमत म्हणजे पत्ते पिसल्यासारखे क्रम बदलून बघतात. परवा मी चुकून शेवटचं चित्र आधी धरलं, तर धाकटी ओरडली, "आजो, ह्या आधी नाय, मगे!" चार वर्षांच्या मुलीला गोष्टीचा क्रम इतका पक्का ठाऊक असतो, हे मला नुसतं वाचून दाखवताना कधी कळलं नव्हतं.

सातारी_जपानमध्ये

कुडाळी_माणूस, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. इथे जपानमध्ये कामिशिबाई नावाचा प्रकार आहे, म्हणजे कागदाचं नाटक. लाकडी चौकटीत जाड चित्रं रचून ठेवायची आणि एकेक बाजूला ओढत गोष्ट सांगायची. मजकूर चित्राच्या मागे असतो, सांगणाऱ्यालाच दिसतो. 1930 च्या दशकात सायकलवर ही चौकट बांधून माणसं गल्लोगल्ली फिरायची, मुलांना गोळ्या विकायची आणि गोष्ट सांगायची. आता ते फेरीवाले फारसे दिसत नाहीत, पण वाचनालयातून कामिशिबाईचे संच घरी नेता येतात. आम्ही नेतो.

यातली एक युक्ती सगळ्यांनी करून बघावी. काही ठिकाणी चित्र अर्धंच ओढायचं असतं. मागच्या चित्राचा अर्धा भाग दिसायला लागतो आणि मुलं श्वास धरून बसतात. तुमच्या पोथीतही हे जमेल.

पण मला सांगायचं आहे ते भाषेबद्दल. मुलगा पाच वर्षांचा. मराठी फक्त घरात, तीही आमच्या दोघांची. पुस्तक वाचते तेव्हा तो मराठी समजून घेतो, उत्तर मात्र जपानीत देतो. नामं त्याला येतात, घर, झाड, कावळा. क्रियापदं येत नाहीत, कारण चित्रातल्या वस्तूकडे बोट दाखवता येतं, क्रियेकडे नाही. गोष्टीनंतर हातकाम सुरू केलं आणि सहा महिन्यांत फरक पडला. चुरगळ, पसरव, दाब, सोड, ठिबकलं, सुकलं, निसटलं, बोटाला चिकटलं. हे शब्द त्याच्या हाताला लागले आणि मग तोंडात आले. परवा जेवताना म्हणाला, "आई, वरण ओघळलं." ओघळलं! हा शब्द त्यानं रंगाचं पाणी कागद तिरका धरून सोडताना उचलला होता. मी घास तसाच हातात धरून बसले.

परदेशात मराठी टिकवायला धडपडणाऱ्या आई-बाबांना माझं सांगणं आहे: पुस्तकं आणताच आहात, सोबत हातकाम करा आणि करताना बोलत राहा.

शिंपला

ओघळलं! किती सुंदर. मी आता रोज बोलत बोलत करणार.

रंगांचं विचारायचं होतं. मुलगी अजून बोटं तोंडात घालते. बाजारातल्या रंगांवर काय लिहिलेलं असतं ते मला कळत नाही. घरी काय करता येईल?

रानजाई

हो, याबद्दल मला खूप सांगायचंय.

आधी खळ. एक वाटी मैदा, चार-पाच वाट्या गार पाणी, आधी गुठळ्या मोडून घ्यायच्या आणि मग मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरट पातळ मिश्रण काचेसारखं दिसायला लागलं की उतरवायचं. फ्रिजमध्ये चार दिवस राहते. जुने बुकबाइंडर खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. मुलांच्या खळीत ते अजिबात घालायचं नाही, विषारी असतं.

रंगांत हळद, बीट, पालक, गेरू आणि कोळसा बहुतेक घरांत किंवा आसपास मिळतात. खळीत कालवले की बोटानं रंगवायला छान घट्ट होतात. हळदीची खरी मजा पुढे आहे. हळदीनं रंगवलेल्या कागदावर खायच्या सोड्याचं पाणी ब्रशनं लावलं की पिवळ्याचं लालसर तपकिरी होतं. त्यावर लिंबू पिळलं की परत पिवळं. रात्र-दिवसाची गोष्ट, रागावण्याची आणि शांत होण्याची गोष्ट, यांच्याबरोबर हे इतकं जमून येतं! चुन्यानं रंग जास्त गडद येतो, पण चुना डोळ्यात गेला तर फार वाईट, म्हणून मुलांच्या आसपास चुना नको. गोकर्णाची निळी फुलं गरम पाण्यात टाकली की निळं पाणी मिळतं, त्यात लिंबू पिळलं की जांभळं-गुलाबी. कुंपणावर गोकर्ण असेल तर हे करून बघाच.

हे रंग टिकत नाहीत. हळद उन्हात फिकी पडते, बीट दोन दिवसांत मातकट होतं. मुलांना हे आधी सांगते. एक मुलगा दर शनिवारी आल्यावर पहिल्यांदा भिंतीजवळ जाऊन "माझा बीट किती गेला" ते बघतो.

आणि कागद फाडण्याबद्दल एक राहिलं. वर्तमानपत्र उभं फाडलं तर सरळ फाटतं आणि आडवं फाडलं तर वेडंवाकडं, कारण कागदातले तंतू एका दिशेनं बसलेले असतात. मुलांना हे स्वतः शोधायला द्या. सरळ पट्ट्यांचा पाऊस किंवा कुंपण होतं, वेड्यावाकड्याचे डोंगर.

माळावरचा

आमच्या गावात वाचनालय आहे, पण लहान मुलांची चित्रपुस्तकं जवळपास नाहीत. किशोरवयीन मुलांची पुस्तकं भरपूर. सुरुवात कुठून करावी?

तेलखडू

माळावरचा, 'प्रथम बुक्स' या प्रकाशनसंस्थेचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ बघा. 2015 पासून आहे. मराठीत भरपूर चित्रकथा, मुक्त परवान्याखाली, उतरवून छापून घेता येतात. पहिल्या पातळीच्या कथांमध्ये पानावर एखाददुसरंच वाक्य असतं, साडेतीन-चार वर्षांच्या मुलांना पुरेसं. मराठीत ज्योत्स्ना प्रकाशनानं चित्रपुस्तकांचं फार निगुतीनं काम केलंय, तीही वाचनालयाला मागवायला सांगा. फोनवरून मात्र दाखवू नका. दहा मुलांमधे एक फोन म्हणजे चित्र कुणालाच दिसत नाही. छापायला पैसे नसतील तर चार-सहा पानंच मोठी छापा आणि बाकीची गोष्ट तोंडी सांगा. कुडाळच्या दादांनी सांगितलंय ना, तसं.

अंगणवाडीतून

रानजाईताई, तुमच्यासारखा पाऊस केला. ब्रश नव्हते. बांबूच्या काड्या चावून दिल्या, मुलांना आयतं खेळणं मिळालं. भिंतीच्या खालच्या पट्टीला गेरू लावून घेतला आणि तांदळाच्या पिठाच्या पाण्याचा पाऊस पाडला. ओला असताना पीठ दिसतच नाही, सुकलं की पांढरं उमटतं. पहिल्यांदा मुलांना वाटलं काही आलंच नाही. जेवून परत आली तर सगळ्या भिंतीवर पाऊस. आत आल्यावर दारातच थांबली सगळी.

जो मुलगा कोऱ्या कागदाला घाबरायचा त्यानं पावसाखाली दोन त्रिकोण जोडून एक माणूस काढला. घरी बघितलेलाच. पण त्याच्या डोक्यावर इरलं होतं. पुस्तकात छत्री होती, आमच्याकडे शेतात इरलं असतं.

पाटीपुस्तक

मेणखडू आणि पातळ रंग करून बघितलं. पहिल्या दिवशी बघत बसला. दुसऱ्या दिवशी तीन कागद केले. वाघ अजून काढत नाहीये, पण काल खिडकीतून मांजराकडे बराच वेळ बघत होता आणि मला म्हणाला, "हिच्या पाठीवर पट्टे आहेत, पोटावर नाहीत." मी काही बोलले नाही.

शिंपला

रविवारी आमचं तेच दीड महिन्याचं पुस्तक. मी फक्त विचारलं, हे आकाश कशानं केलं असेल? तिनं बोट फिरवून बघितलं, म्हणाली, "कापडानं." मी बघितलं तर खरंच, कपड्यानं रंग टिपल्यासारखा पोत होता. एवढ्या वेळा वाचून मला दिसला नव्हता. मग माझी जुनी ओढणी कापली. हळद आणि गोकर्ण नव्हतं, बीट होतं. लाल आकाश झालं. न्हाणीघराच्या फरशीवर बसून केलं, म्हणजे धुवायला सोपं. वीस मिनिटं पुरली.

मागे तिचे शब्द लिहून ठेवलेत, तारीख घालून: "हे आकाश ऑफिसमधून घरी येतंय."

रानजाई

शिंपला, हे वाचून मी पडवीत सगळ्यांना वाचून दाखवलं. एका मुलीनं विचारलं, मग ते घरी पोचलं का? या शनिवारी कपड्याचे बोळे आणि बीट. आकाश घरी पोचण्याचं चित्र करायचं असं त्यांचं त्यांनीच ठरवलंय.